वाऱ्याच्या बाजूची जागा

पास्कल भावजी,

तुम्ही गेल्यापासून सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलतायत. तसंच बोलायचं असतं. चर्चमध्ये बोलले, प्लांटच्या कँटीनमध्ये फोटो ठेवून बोलले, मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर जोडलेल्या हातांची रांगच लागली. मी तिथे काही लिहिलं नाही. मला तुमच्याबद्दल जे वाटतं ते ग्रुपवर टाकण्यासारखं नाही. मला तुमचा हेवा वाटतो. तुम्ही होतात तेव्हा वाटायचा, आणि माणूस गेला की तोही सरेल असं मी धरून चालले होते. सरला नाही, उलट वाढलाय. जिवंत माणसाशी भांडता तरी येतं. आता मी कुणाशी भांडू?

लोकांना मी सांगते की तुम्ही माझ्या नवऱ्याचे मित्र होतात. खरं तर ते उलट होतं. श्रीकांत तुमचा मित्र होता आणि उरलेल्या वेळात माझा नवरा होता. तुम्ही असतात तर यावर मोठ्यानं हसला असतात, मान मागे टाकून, आणि म्हणाला असतात, 'वहिनी, उरलेला वेळ जास्त होता की!' वेळ जास्त होता हे कबूल. पण त्या वेळात माझ्या वाट्याला काय यायचं, तर 'हो', 'नाही', 'बघू', आणि टीव्हीचा रिमोट कुठे आहे.

सगळं त्या ड्रमपासून सुरू झालं. वर्कशॉपमध्ये तुम्ही स्वतः वेल्डिंग करून बनवलात तो. जाड पत्र्याचा उभा ड्रम, आत खाली कोळशाची टोपली, वर जाळी, झाकणावर धुराडं आणि बुडाशी हवेच्या झडपा. त्यात तुम्ही बीफ धुरावर शिजवायचात. ब्रिस्केट, म्हणजे जनावराच्या छातीचा तो भला थोरला तुकडा, मीठ-मिरी चोळून शनिवारी पहाटेच्या अजानला आत जायचा आणि बाहेर यायचा तो ऊन उतरल्यावर. इतका वेळ आच मंद आणि एकसारखी राहिली पाहिजे. भडकली तर मांस वातड, दबली तर धूर कडू. हे मला श्रीकांतनं सांगितलेलं नाही, तुमच्या लुसीनं सांगितलंय. त्यानं घरी येऊन कधी काही सांगितलं असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते.

आणि इथला, ओमानमधल्या या सोहारचा वारा. हिवाळ्यात इथे समुद्रावरून शमाल सुटला की दोरीवरचे कपडे शेजाऱ्याच्या छपरावर सापडतात. तुमचं घर तर समुद्राच्याच गल्लीत. झडपांतून वारा आत घुसला की दुपारपर्यंत पुरणारा कोळसा नाश्त्याच्या आत राख व्हायचा. कंपाउंडची भिंत होती, पण तिचा उपयोग नव्हता. वारा भिंतीवरून उडी मारून आत पडायचा आणि अंगणात गरगर फिरायचा. तेव्हा तुम्ही श्रीकांतला बोलावलंत. तो इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनियर, प्लांटमधल्या भट्ट्यांचं तापमान सांभाळणं हीच त्याची नोकरी. तुम्हाला वाटलं असेल, याला काहीतरी सुचेल. तो तुमचा फोन ठेवून उठला, आमच्या स्टोअरमध्ये पडलेला जुना लाकडी दरवाजा त्यानं खांद्यावर घेतला आणि त्या वाऱ्यात चालत तुमच्याकडे निघाला. मी खिडकीतून बघत होते. वाऱ्यानं दरवाजा शिडासारखा भरत होता आणि तो तिरका तिरका जात होता. या माणसाला गाडीतून पाण्याचा बाटला आत आणायला मी सकाळपासून सांगत होते.

त्या दिवसापासून शनिवार तुमचा झाला.

लुसी सांगते, तुमचे शेजारी सालिम भिंतीवरून बघून तुम्हाला वेड्यात काढायचे. आम्ही ईदला खड्डा खणतो, मांस मसाला लावून आत पुरतो, वर माती लोटतो, खलास, वारा काय करणार, तुम्हीही खणा, असं ते म्हणाले. तुम्ही त्यांना म्हणालात की खड्ड्यात पुरलं की मग आपण बघत बसायचं कशाकडे? लुसीनं हे गंमत म्हणून सांगितलं. मला ती गंमत वाटली नाही. मला कळलं की तुमचं दोघांचं मुख्य काम मांस शिजवणं हे नव्हतंच, बघत बसणं हे होतं. माझा नवरा माझ्याबरोबर एक अख्खा सिनेमा बसून बघू शकत नाही.

आता आमच्या घरची गोष्ट. आम्ही मासे खातो, मटण खातो, कोंबडी खातो. हे खात नाही. याच्यावर तुमचा-माझा कधी वाद झाला नाही, तुम्ही तसे समजूतदार होतात, आणि वसईतलं तुमचं घर आणि ठाण्यातलं माझं यात खाडीएवढंच अंतर आहे हे आपल्याला दोघांनाही माहीत होतं. पण शनिवारी संध्याकाळी श्रीकांत घरी यायचा तो धुरात बुडवून काढल्यासारखा. मी त्याला मागच्या दारानं घ्यायची. आधी आंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत, मग स्वयंपाकघर. तो निमूटपणे सगळं करायचा. खाल्लंस का, असं मी विचारलं नाही. मी धरूनच चालले होते की खातो. एवढा दिवसभर राबणारा माणूस खाणार नाही तर काय. आणि खरं सांगू, मला ते बरंच होतं. जिभेचे चोचले म्हणून जातो, असं म्हणता येत होतं. नवरा खाण्यासाठी दुसऱ्याच्या दारात जातो यात बायकोचा फार अपमान नसतो.

तुम्हाला माझा राग कळत होता. म्हणून तर वांगी. मांस आत जायच्या आधी ड्रम गरम होत असताना तुम्ही वेगळ्या जाळीवर माझ्यासाठी वांगी भाजायचात आणि सकाळीच फाटकाशी आणून द्यायचात. 'वहिनी, जाळी वेगळी, चिमटा वेगळा, हात धुतलेले.' इतकं सगळं एका दमात. मी कोरडेपणानं थँक यू म्हणायची आणि पिशवी घ्यायची. त्या वांग्यांचं भरीत इतकं चांगलं व्हायचं की माझाच जीव जळायचा. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येणार कुठून? श्रीकांत पहिल्या घासाला ओळखायचा. 'आज पास्क्याकडची वांगी का?' म्हणजे माझ्या हातचं भरीतसुद्धा तुमचं झालं. फोडणी माझी, कांदा माझा, दही माझं, आणि नाव तुमचं. तरी मी ती पिशवी परत केली नाही. एवढी मी वेडी नव्हते.

आता मुख्य भांडण. ते अर्धवट राहिलंय आणि ते पुरं केल्याशिवाय मला काही स्वस्थता नाही.

माझ्या छातीत गाठ लागली होती तेव्हाची गोष्ट. मस्कतला तपासण्या झाल्या आणि रिपोर्ट यायला वेळ होता. ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. शाळेत जात होते, मुलांना हिंदीचं व्याकरण शिकवत होते, घरी येऊन स्वयंपाक करत होते. श्रीकांत म्हणायचा, 'होईल नीट. टेन्शन घेऊ नकोस.' रोज हेच, त्याच आवाजात. वेळेवर जेवायचा, पेपर चाळायचा, शनिवारी तुमच्याकडे गेला सुद्धा. मला वाटलं, याला काहीच होत नाहीये का? मी मेले तर हा असाच, होईल नीट म्हणत, मला पोचवून येईल. त्या शनिवारी मी घरात एकटी बसून त्याच्याबद्दल इतकं वाईट वाईट मनात आणलं की ते इथे लिहीत नाही.

रिपोर्ट चांगला आला. पुढच्या शनिवारी तुम्ही वांगी घेऊन फाटकाशी आलात. तुमचे डोळे भरले होते. म्हणालात, वहिनी, देवानं ऐकलं, लुसी रोज माळ जपत होती. आणि मग बोलून गेलात, की मागच्या शनिवारी श्रीच्यानं हातात झाकणसुद्धा धरवत नव्हतं.

मी विचारलं, "का? काय झालं होतं त्याला?"

"रडत होता वहिनी. पार गळून गेला होता. दिवसभर."

"माझ्यासमोर नाही रडला."

"तुमच्यासमोर कसा रडेल? मग तुम्हाला धीर कोण देणार?"

"मला धीर नको होता, भावजी. मला तो रडलेला हवा होता."

तुम्ही पिशवी पुढे केलीत. मग हळूच म्हणालात, एखाद्या शनिवारी या ना, वहिनी, नुसत्या येऊन उभ्या राहा. मला ते फार लागलं. माझ्याच नवऱ्याला भेटायला मी तुमच्या दारात येऊ, असं मी म्हणाले आणि फाटक लावून घेतलं. तुम्ही पिशवी कडीला अडकवून गेलात.

मी आले नाही. नंतर तुम्ही दोनतीनदा तो विषय काढायला बघितलात, मी बोलू दिलं नाही. मला आजही वाटतं, माझं बरोबर होतं. त्याची भीती माझ्या गाठीमुळे होती, म्हणजे ती माझी होती. ती त्यानं तुमच्याकडे का नेऊन ठेवली? आणि तुम्ही ती का ठेवून घेतलीत? 'घरी जा आणि बायकोसमोर रड' असं तुम्ही त्याला का म्हणाला नाहीत? तुम्ही मित्र होतात ना त्याचे? याचं उत्तर मला तुमच्याकडून हवं होतं, आणि तुम्ही ते न देता, एका साध्या सोमवारी, ड्युटीवर जायला बूट घालता घालता निघून गेलात.

तरी एक म्हणते. तो त्या दिवशी कुठे तरी रडला हे बरंच झालं. कुठेच रडला नसता तर काय झालं असतं त्याचं, याचा विचार मी आता करते. तुम्ही त्याला रडू दिलंत, तोंडावर पाणी मारून घरी पाठवलंत, आणि तो माझ्यासमोर येऊन परत 'होईल नीट' म्हणू शकला. ते उपकार मला कळतात. हेवा वाटतो म्हणून उपकार दिसत नाहीत असं नाही.

तुम्हाला न्यायचं ठरलं तेव्हा पेटीबरोबर श्रीकांत गेला. कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं रजा टाकली, पासपोर्ट काढला आणि बॅग भरली. स्वतः भरली, भावजी. इतक्या वर्षांत त्याची बॅग मी भरत आले. माझे वडील गेले तेव्हा प्लांटचा शटडाउन होता, त्याला जमलं नाही, मी एकटी गेले. तेव्हाही मी समजून घेतलं होतं. आताही कुठला तरी शटडाउन होताच, पण या वेळी जमलं. वसईला जाऊन, तुमच्या गावच्या लोकांत उभा राहून, मूठमाती देऊन आला. मी त्याला काही बोलले नाही. तुमच्या शेवटच्या प्रवासावरून कुरकुर करण्याइतकी मी खालच्या पातळीला गेलेली नाही. ती मी इथे करते आहे.

परत आल्यावर तो मुकाच झाला. आधी बोलायचा नाही तो वेगळा, हा वेगळा. मुलगी पुण्याहून फोनवर मला म्हणते, "आई, गिव्ह हिम स्पेस ना." मी म्हटलं, बाई, घर तीन खोल्यांचं आहे, आणखी किती देऊ? शनिवारी तो अजानला उठतो. ती जुनी, कोळशाचे डाग पडलेली पँट घालतो. बूट घालतो. आणि सोफ्यावर बसतो. जायचं कुठेच नसतं. मी चहा नेऊन देते, तो पितो. ऊन वर आलं की उठून बूट काढतो. हे मी दर शनिवारी बघते. तुम्ही जिवंत असताना शनिवारी तो घरी नसायचा याचं मला दुःख होतं. आता तो घरी असतो आणि तेच जास्त सोसवत नाही.

लुसी वसईहून परत आली ती घर आवरायला. महिन्याची मिस्सा, म्हणजे तुमच्यासाठीची प्रार्थना, इथल्या चर्चमध्ये करायची, मग सगळं बांधून कायमचं जायचं. मी शाळा सुटल्यावर तिच्याकडे मदतीला जाऊ लागले. कपाटं रिकामी करताना आमचं दोघींचं बरं चालायचं, कारण हाताला काम असलं की तोंडाला नसलं तरी चालतं. एक दिवस ती भांडी कागदात गुंडाळत होती. एक छोटा कुकर हातात घेऊन म्हणाली, हा तुम्ही घेऊन जा, शनिवारी श्रीभाऊंसाठी यातच लावायचे.

मी म्हटलं, काय लावायचीस?

"डाळभात. ते कुठे खातात आमचं हे."

मला आधी कळलंच नाही. लुसीला वाटलं मी थट्टा करतेय. मग तिनं कुकर खाली ठेवला. म्हणाली, तुम्हाला माहीत नाही? एवढ्या वर्षांत एक तुकडा तोंडात टाकला नाही त्यांनी. पास्कलनं सुरुवातीला चिडवलं, मग सोडून दिलं. मांस झालंय की नाही ते बोटानं दाबून श्रीभाऊच सांगायचे. धागे बघून आडवं कापायचे पण तेच. पाहुण्यांना वाढायचे. मग हात साबणानं घासून धुवायचे आणि माझ्या टेबलावर डाळभात, लोणचं घेऊन बसायचे.

मी कुकर घेतला, काहीतरी बोलले आणि घरी आले. वाटेत गाडी बाजूला घेऊन थांबले. तुम्हाला वाटेल मला आनंद झाला असेल. आपला नवरा आपलं पाळतो म्हणून. भावजी, मला भयंकर राग आला होता. खाण्यासाठी जातो या समजुतीवर मी इतके शनिवार काढले. तेवढं एक कारण होतं माझ्याकडे, आणि ते तुम्ही, लुसीनं, सगळ्यांनी मिळून काढून घेतलंत. तो खायला जात नव्हता. मग तो काय घ्यायला जात होता तुमच्याकडे? मागच्या दारानं येऊन, आंघोळ करून, कपडे बादलीत टाकून तो का गप्प राहिला? एकदा तरी म्हणायचं, मी खात नाही. मग लक्षात आलं. तसं म्हणाला असता तर मी लगेच विचारलं असतं की मग जातोस कशाला? आणि त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्यापेक्षा थंडीतली आंघोळ परवडली.

दुसऱ्या दिवशी मी लुसीला विचारलं की ते दोघं दिवसभर बोलायचे तरी काय. ती म्हणाली, बोलत कुठे होते. कधीतरी बोलायचे, नाही असं नाही. बाकी वारा बघत बसायचे.

म्हणजे तुमच्याकडेही तो गप्पच बसायचा. आणि तुमच्या गप्पा रंगल्यात असं धरून मी घरात बसून कितीदा त्या मनातल्या मनात ऐकल्या आहेत. आमच्या घरात तो गप्प असला की मला वाटतं मी खोलीत नाहीये. तुमच्या अंगणात तो गप्प असायचा तेव्हा तुम्ही तिथे होतात.

मिस्साच्या आधीच्या आठवड्यात लुसी आमच्याकडे आली होती. मिस्सा शुक्रवारी, आणि शनिवारी जेवण, तुमची प्लांटमधली माणसं येणार. ती म्हणाली, बिर्याणीची ऑर्डर देऊन टाकते. श्रीकांत आतल्या खोलीत होता. तो दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ऑर्डर नको. मी ड्रम लावतो." वसईहून आल्यापासूनचं त्याचं सर्वांत लांब वाक्य ते. लुसी रडायला लागली. मी मोबाईलवर हवामान बघितलं. शनिवारी शमाल होता, झेंडे फाडणारा.

त्या वाऱ्यात ड्रम एका माणसाचं काम नाही, एवढं मलाही माहीत होतं. तो दोघातिघांना फोन लावत होता, कुणाची शिफ्ट, कुणाचं काय. मी म्हटलं, मी येते. तो म्हणाला, "वास येईल." मी म्हटलं, येऊ दे. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि फोन खाली ठेवला.

तर मी आले, भावजी. तुम्ही नसताना आले. अजान झाली तेव्हा आम्ही तुमच्या फाटकात होतो. ओढणी कमरेला गच्च बांधली होती तरी वारा ती ओढून नेत होता. दातांत वाळू. त्यानं आमचाच तो जुना दरवाजा ड्रमच्या आडोशाला आडवा रोवला, विटा लावल्या आणि मला म्हणाला, हा धर, हलू देऊ नकोस. कोळसा पेटवला, धूर पांढऱ्याचा निळसर होईपर्यंत थांबला, मग मांस आत ठेवलं. मला वाटलं होतं मला शिसारी येईल. आली नाही. मी त्याचे हात बघत होते. आमच्या घरात चमचा ठेवतानाही त्याचे हात इतके सांभाळून चालत नाहीत.

मग तो उलट्या बादलीवर बसला, भिंतीकडे तोंड करून. भिंतीपलीकडे सालिमच्या अंगणातलं खजुराचं उंच झाड दिसतं. तो ड्रमकडे बघतच नव्हता, त्या झाडाच्या शेंड्याकडे बघत होता. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, लुसीनंही नाही. झोत येण्याआधी शेंडा वाकतो. तो वाकला की झोत अंगणात पडेपर्यंत एका श्वासाचा वेळ मिळतो, तेवढ्यात वाऱ्याच्या बाजूची खालची झडप लावून टाकायची. झोत गेला की परत सोडायची, नाहीतर आग गुदमरते. एकानं झाड बघायचं आणि एकानं झडपेशी बसायचं. असे तुम्ही दोघं दिवस दिवस बसायचात. आणि मी घरी बसून विचार करायची की हे एवढं बोलतात तरी काय.

सकाळभर तो दोन्ही कामं एकटाच करत होता. शेंडा वाकला की उठून झडपेकडे धावायचा, परत येऊन बसायचा. मी म्हटलं नाही की मला दे. त्यानं विचारलं नाही. मी दरवाजा धरून उभी होते. लुसीनं चहा आणला, पोहे आणले, आत येऊन टेका म्हणाली. मी नको म्हटलं. ड्रमवरच्या तापमापकाची सुई चढायची, तो धावायचा, सुई उतरायची. तो दमत चालला होता. गुडघा धरून उठायला लागला. दरवाजा विटांत चांगला बसला आहे असं बघून मी हळूच सरकले आणि झडपेशी जाऊन उकिडवी बसले, वाऱ्याच्या बाजूला, तुम्ही बसायचात तिथे. धुरानं डोळे झोंबत होते. तो माझ्याकडे पाठ करून शेंड्याकडे बघत होता.

शेंडा वाकला. तो उठला नाही. सहज, शनिवारच्या सवयीच्या आवाजात, मागे न बघता म्हणाला, "पास्क्या, आला. लाव."

त्या आवाजात त्यानं मला कधी काही सांगितलेलं नाही. त्यात विनंती नव्हती, हुकूम नव्हता. ऐकणारा तिथे आहेच, हे त्या आवाजाला ठाऊक होतं. मी ओढणीचं टोक बोटांवर घेतलं आणि झडप लावली. झोत अंगावरून गेला.

"सोड आता थोडी."

मी सोडली.

मग त्याच्या लक्षात आलं असावं. त्यानं मान वळवली नाही, पण पाठ ताठ झाली आणि मग खांदे हलायला लागले. आवाज नव्हता. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, भिंतीकडे तोंड करून, माझा नवरा माझ्यासमोर रडत होता. मी उठून त्याच्याकडे गेले नाही. जायला निघाले होते, पण खजुराचं झाड पुन्हा वाकायला लागलं होतं आणि त्याला आता ते दिसत नव्हतं. मी झडप लावली, झोत जाऊ दिला, परत सोडली. बराच वेळ मी झाडही बघत होते आणि झडपही.

भावजी, त्यानं हाक मारली ती तुम्हाला, आणि रडला तोही तुमच्यासाठीच. ओ मात्र मी दिली.